नाव विकलं, मग सुटे भाग कुणाचे?

डावा चॅनल आधी खरखरला, मग नुसताच गुणगुणू लागला आणि तिसऱ्या दिवशी गप्प झाला. ॲम्प्लिफायर २६ वर्षांचा, वजन असं की एकट्याने उचलायच्या फंदात पडू नये. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी झाकण काढलं, ब्रशने धूळ झटकली, मीटरच्या टोकांनी चार-सहा जागा तपासल्या आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकवरच्या एका ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं. "हा गेला. पण एकटा बदलून भागायचं नाही, जुळणारी जोडी लागेल. आणि हा नंबर बनायचाच बंद झालाय." ऑनलाइन मिळतो की, असं मी म्हणालो तर हसले. अशा 'ऑनलाइन मिळालेल्या' ट्रान्झिस्टरांचा त्यांच्याकडे एक डबाच होता. वरचा छापा अगदी अस्सल. फोडून पाहिलं तर नखाएवढी चिप असायला हवी तिथे तिळाएवढी.

मी कंपनीला लिहिलं. उत्तर दोन दिवसांत आलं, अत्यंत अदबशीर. त्या मॉडेलचे सुटे भाग शिल्लक नाहीत, सर्किटची आकृतीही उपलब्ध नाही, कारण ते उत्पादन 'पूर्वीच्या मालकांच्या काळातलं' आहे. पत्राच्या माथ्यावर मात्र माझ्या ॲम्पच्या दर्शनी पट्टीवर आहे तेच बोधचिन्ह होतं, आणि तळाशी कंपनीच्या अनेक दशकांच्या अखंड परंपरेबद्दल एक ओळ. परंपरा सांगायची असते तेव्हा कंपनी एकच असते. ट्रान्झिस्टर मागितला की मालक निराळे निघतात.

या एका पत्राने मला उच्च दर्जाच्या ऑडिओच्या धंद्याकडे नीट पाहायला लावलं. मोठे मासे छोटे मासे गिळताहेत, अशी तक्रार कानसेन मंडळी नेहमी करतात. मला ती तक्रार अर्धवट वाटते. कोण कुणाला विकत घेतं याने माझं फार बिघडत नाही. विकताना काय काय विकलं जातं आणि काय वाटेत गळून पडतं, हा खरा प्रश्न आहे.

आधी गेल्या काही वर्षांतले सौदे पाहू. सॅमसंगने २०१६ मध्ये सुमारे ८ अब्ज डॉलरला हार्मन ही अमेरिकी ऑडिओ कंपनी घेण्याचं जाहीर केलं. त्याबरोबर जेबीएल, एकेजी, मार्क लेव्हिन्सन, रेव्हेल अशी नावं गेली. दुसरीकडे साउंड युनायटेड नावाच्या समूहाने पोल्क, डेनॉन, मरान्झ आणि शेवटी २०२० मध्ये बोवर्स अँड विल्किन्स गोळा केले. २०२२ मध्ये हा सगळा समूह मॅसिमोने १.०२५ अब्ज डॉलर मोजून घेतला. मॅसिमो म्हणजे रुग्णाच्या बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारी उपकरणं बनवणारी कंपनी. सौदा जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या समभागाचा भाव एक-तृतीयांशाहून जास्त कोसळला. गुंतवणूकदारांना स्पीकर आणि ऑक्सिमीटर यांचं नातं उमगलं नाही, आणि खरं सांगायचं तर इतर कुणालाही उमगलं नव्हतं. तीनच वर्षांनी, २०२५ मध्ये, तोच समूह ३५ कोटी डॉलरला हार्मनकडे, म्हणजे सॅमसंगच्या घरात गेला. क्लिप्श हे स्पीकरमधलं १९४६ पासूनचं नाव, ते ज्या वॉक्स कंपनीकडे होतं ती कंपनी त्याच वर्षी जेंटेक्सने घेतली. जेंटेक्सची ओळख मोटारीच्या आपोआप काळवंडणाऱ्या आरशांसाठी. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात बोसने ॲम्पवाली मॅकिन्टॉश आणि स्पीकरवाली सोनस फाबेर एकत्रच खिशात टाकल्या.

ऑक्सिमीटरवाले, आरशेवाले, फोनवाले. यांना या नावांचं एवढं काय पडलंय? उत्तराचा मोठा भाग मोटारीत बसलेला आहे. सॅमसंगने हार्मन घेतलं तेव्हा हार्मनच्या विक्रीपैकी सुमारे ६५ टक्के विक्री मोटार-उद्योगाशी निगडित होती. दरवाज्याच्या जाळीवर एक प्रतिष्ठित नाव कोरलं की मोटारीची किंमत वाढवता येते. ज्याने आयुष्यात कधी दोन स्वतंत्र स्पीकर मांडून गाणं ऐकलेलं नाही, त्यालाही ते नाव भारी वाटतं. म्हणजे दिवाणखान्यातल्या मोठ्या स्पीकरने कमावलेली पत मोटारीत, हेडफोनमध्ये आणि हातात मावणाऱ्या ब्लूटूथ डब्यात खर्च होते. मोठा स्पीकर स्वतः किती खपतो याला मग फारसं महत्त्व राहत नाही. तो यादीत दिसला म्हणजे पुरे.

दुसरं कारण या छंदातल्या लोकांना बोचणारं आहे. ॲम्प्लिफायर हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या जवळजवळ सुटलेला आहे. हायपेक्स किंवा प्युरिफाय या कंपन्यांचे तयार क्लास-डी मोड्यूल, म्हणजे ॲम्पचा आयता गाभा, घ्या, त्याला बरा वीजपुरवठा द्या, पेटीत बसवा. मोजमापात हा ॲम्प एकेकाळच्या दहापट महाग ॲम्पांना मागे टाकतो. डॅकचं, म्हणजे डिजिटल संगीत ॲम्पला कळेल अशा विद्युतसंकेतात बदलणाऱ्या उपकरणाचं, तर याहून पुढे गेलेलं आहे. तळहाताएवढ्या स्वस्त डब्याची विकृती, म्हणजे मूळ आवाजात होणारी भेसळ, इतकी कमी असते की ती कानाला कळण्याचा प्रश्नच उरत नाही. मग महाग ॲम्प विकणाऱ्याकडे उरतं काय? जाड ॲल्युमिनियमची पट्टी, घडण, टिकाऊपणाचं आश्वासन आणि नाव. यातली घडण करायला कारखाना लागतो, आश्वासन पाळायला गोदाम लागतं. नावाला काहीच लागत नाही, ते कागदावरच हस्तांतरित होतं. गुंतवणूक निधीला नेमकं तेच आवडतं.

पण जुन्या मालकांनाही दोष देऊन चालणार नाही, कारण हा धंदाच उफराटा आहे. माल जितका चांगला, तितकं गिऱ्हाईक परत यायला उशीर. तीस वर्षं चालणारा ॲम्प विकलात की त्या घरातून पुढची तीस वर्षं मागणी नाही. उलट जुना ॲम्प दुसऱ्या हाती विकला जातो आणि तुमच्याच नव्या मालाशी स्पर्धा करतो. छापील किमतीचा मोठा हिस्सा विक्रेत्याकडे जातो, कारण त्याला ऐकवायची खोली, मांडून ठेवलेला माल आणि तासन्‌तास बसून काहीच न घेता निघून जाणारी माणसं हे सगळं सांभाळायचं असतं. (मीही त्या माणसांत अनेकदा होतो.) खप घटला की साच्यांचा, संशोधनाचा, प्रदर्शनांचा खर्च थोड्याच नगांवर पडतो, किंमत वाढते, मग खप आणखी घटतो. त्यात आता प्रत्येक ॲम्पला स्ट्रीमिंग हवं, ॲप हवं, त्या ॲपला दर काही महिन्यांनी डागडुजी हवी. ट्रान्सफॉर्मर वळण्यात हयात गेलेल्या पंधरा माणसांच्या कारखान्याने सॉफ्टवेअरवाल्यांचा ताफा कुठून पोसायचा? ॲपने धंद्याचं काय होतं ते पाहायचं तर सोनोस ही बिनतारी स्पीकरांची मोठी कंपनी पुरेशी आहे. २०२४ च्या मे महिन्यात तिने नवं ॲप आणलं, जुन्या सोयी गायब झाल्या, आणि पुढच्या जानेवारीत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला जावं लागलं.

लहान कारखान्यांचं आणखी एक दुखणं त्यांच्या हातातच नसतं. २०२० च्या ऑक्टोबरात जपानमधल्या नोबेओका इथल्या असाही कासेईच्या चिप कारखान्याला आग लागली. जगभरातल्या असंख्य डॅकमध्ये याच कारखान्याच्या चिप होत्या. मोठ्या कंपन्यांनी साठ्यावर काही काळ भागवलं, लहानांना तयार बोर्ड बाजूला ठेवून दुसऱ्या कंपनीच्या चिपभोवती सर्किट नव्याने आखावं लागलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग इथला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. रेकॉर्ड छापण्याआधी जिच्यावर खोबण कोरतात ती लॅकरची तबकडी बनवणारे जगात दोनच प्रमुख कारखाने होते. त्या दिवसापासून जपानमधला एकच उरला. एकत्रीकरण म्हटलं की आपल्याला दुकानातल्या पाट्या दिसतात. त्या पाट्यांच्या मागे, चार पायऱ्या वर, ते कधीच होऊन गेलेलं असतं. अशा परिस्थितीत एखाद्या म्हाताऱ्या संस्थापकाने कंपनी विकली तर त्याला गद्दार म्हणणं मला जमत नाही.

आणि मोठा मालक म्हणजे वाटोळंच, हेही खरं नाही. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल १९९१ मध्ये हार्मनमध्ये गेले. तिथे पडद्यामागे स्पीकर क्षणात सरकवून बदलणारी यंत्रणा उभी राहिली आणि ऐकणाऱ्याला नाव न कळता पसंती नोंदवता येऊ लागली. त्यातून स्पीकरच्या गुणवत्तेबद्दल जे शास्त्रीय ज्ञान मिळालं ते आज सगळा उद्योग वापरतो. पंधरा माणसांच्या कारखान्याला हे परवडलं नसतं. केईएफ हे स्पीकरमधलं ब्रिटिश नाव १९९२ पासून हाँगकाँगच्या गोल्ड पीक या बॅटरीवाल्या समूहाकडे आहे, आणि त्या मालकीतच त्यांनी एलएस-५० सारखा स्पीकर काढला. बॅटरीवाला चालला, ऑक्सिमीटरवाला नाही. माझ्या मते फरक मुक्कामाच्या लांबीचा आहे. एक तीन दशकं बसला, दुसरा तीन वर्षांत उठला. निधीवाल्यांचं गणित साधारण पाच-सात वर्षांत विकून बाहेर पडण्याचं असतं. वस्तूचं आयुष्य तीस वर्षांचं. या दोन आकड्यांमधल्या दरीत माझा ट्रान्झिस्टर पडला आहे.

दोन अमेरिकी नावं शेजारी ठेवून पाहिली तर हे जास्त स्पष्ट होतं. मॅकिन्टॉशची सुरुवात १९४९ ची. १९९० मध्ये ती जपानच्या क्लॅरियनकडे गेली, २००३ मध्ये डेनॉन-मरान्झच्या डी अँड एमकडे, २०१२ मध्ये इटलीच्या फाइन साउंड्सकडे, मग गुंतवणूक निधींकडे, आता बोसकडे. एवढे मालक बदलले, पण निळे मीटर असलेले ते ॲम्प न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनच्या कारखान्यातच बनत राहिले. मालक पाहुण्यासारखे आले-गेले, वास्तू हलली नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा मॅकिन्टॉश आजही दुरुस्त होतो, आणि म्हणूनच जुन्या मॅकिन्टॉशला आजही भाव आहे.

थील या स्पीकर कंपनीचं नेमकं उलट झालं. केंटकीतल्या लेक्सिंग्टनची ही कंपनी. वूफर (जाड आवाजाचा) आणि ट्वीटर (बारीक आवाजाचा) यांचा आवाज ऐकणाऱ्याच्या कानाशी एकाच क्षणी, एकाच तालात पोचला पाहिजे, हा जिम थील यांचा ध्यास. २००९ मध्ये ते गेले. २०१२ मध्ये कंपनी गुंतवणूकदारांनी घेतली, बस्तान नॅशव्हिलला हलवलं आणि ज्या तत्त्वामुळे लोक थील घेत होते ते तत्त्वच नव्या मॉडेलांतून वगळलं. नाव तेच, आतला स्पीकर दुसराच कुणाचा तरी. काही वर्षांत कंपनी बंद पडली. पण गोष्ट तिथे संपली नाही. कंपनीतल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने दुरुस्तीचा विभाग आणि सुटे भाग स्वतःकडे घेतले आणि लेक्सिंग्टनमध्येच जुन्या थील स्पीकरांची दुरुस्ती चालू ठेवली. वारसा म्हणतात तो मला गोदामातल्या त्या वूफरांत दिसतो. बोधचिन्ह कुठल्याशा फायलीत पडून असेल.

व्हिएन्नाच्या एकेजी या मायक्रोफोनवाल्या कंपनीच्या बाबतीतही तसंच. सॅमसंगच्या सौद्यानंतर २०१७ मध्ये व्हिएन्नातलं काम बंद झालं. तिथल्याच माणसांनी बाहेर पडून ऑस्ट्रियन ऑडिओ काढली. व्हिएन्नात बनणाऱ्या मायक्रोफोनची हातोटी त्या लोकांबरोबर गेली, तीन अक्षरं मात्र कोरियाच्या ताब्यात राहिली. माणूस आणि नाव यांची फारकत कुठवर जाऊ शकते याचं टोक म्हणजे मार्क लेव्हिन्सन. १९७२ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने कंपनी काढली, १९८४ मध्ये ती हातची गेली, आणि नंतर जे काही बनवलं त्यावर स्वतःचंच नाव घालता आलं नाही. ते नाव पुढे लेक्सस मोटारींच्या स्पीकरवर दिसू लागलं. माणूस आपलं नाव विकू शकतो हे कायद्याला मान्य आहे. मग नाव विकत घेणाऱ्याने त्या नावावर आधी विकल्या गेलेल्या वस्तूंचं देणंही घ्यावं, हे कायद्याला का मान्य नसावं?

माझं म्हणणं एवढंच आहे. घर विकत घेताना त्यावरचा बोजा तपासावा लागतो, तसा नावावरही बोजा असावा. ज्याच्या हाती बोधचिन्ह, त्याच्यावर त्या बोधचिन्हाखाली विकलेल्या मालाचे सुटे भाग पुरवण्याची जबाबदारी, ठरावीक वर्षं. ती नको असेल तर सर्किटच्या आकृत्या, वूफरची मापं, क्रॉसओव्हरमधल्या, म्हणजे वूफर-ट्वीटरना आवाज वाटून देणाऱ्या सर्किटमधल्या, भागांची मूल्यं, जुळवणीच्या सूचना जाहीर कराव्यात आणि मोकळं व्हावं. काका बाकीचं बघून घेतील.

हे काही हवेतलं मागणं नाही. कॅलिफोर्नियाच्या दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्यात, जो १ जुलै २०२४ पासून लागू आहे, १०० डॉलर किंवा त्याहून जास्त घाऊक किमतीच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी उत्पादन थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग, हत्यारं आणि माहिती देणं बंधनकारक आहे. पण तो २०२१ च्या जुलैनंतर आलेल्या वस्तूंनाच लागू होतो, आणि सात वर्षं ही मुदत फोनसाठी ठीक असली तरी ॲम्पच्या वयात ते बालपण आहे. युरोपीय संघानेही २०२४ मध्येच असा कायदा केला. त्याच्या यादीत वॉशिंग मशीन, फ्रिज, व्हॅक्यूम क्लीनर, फोन आहेत. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर नाहीत. घरातली सर्वांत जास्त काळ टिकणारी, दुरुस्तीला सर्वांत सोपी विजेची वस्तू यादीतून सुटली, कारण ती मूठभरांचा षोक समजली जाते.

यावर कंपन्यांचा आक्षेप ठरलेला आहे. आकृत्या दिल्या तर नकला होतील. अहो, नकला आजच होताहेत, तेही आकृत्यांवाचून. आणि तीस वर्षांपूर्वीच्या सर्किटात आज कोणतं गुपित उरलंय? क्वाड या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या ॲम्पबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत सर्किटची संपूर्ण आकृती छापलेली असायची. तेव्हा क्वाड त्यामुळे बुडाली नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत आक्षेपात थोडं तथ्य आहे. स्ट्रीमिंगच्या डब्यातला कोड इतर कंपन्यांच्या परवान्यांत गुंतलेला असतो, तो उठून जाहीर करता येत नाही. पण सेवा बंद करताना निदान साधी डिजिटल जोडणी चालू राहील आणि बाहेरून गाणी वाजवता येतील एवढी सोय ठेवायला कुणाचा परवाना आड येतो?

सुटे भाग ठेवायला खर्च येतो, हा आक्षेप मात्र मला खरा वाटतो. साठा म्हणजे अडकलेला पैसा. साचे तर आणखी वाईट, वापरले नाहीत तर निकामी होतात. टेक्निक्सने रेकॉर्ड वाजवणारा आपला प्रसिद्ध टर्नटेबल २०१० मध्ये बंद केला आणि २०१६ मध्ये पुन्हा आणला, तेव्हा जुनी हत्यारं बहुतेक वापरण्याजोगी राहिली नव्हती. सगळं नव्याने उभं करावं लागलं आणि ती किंमत गिऱ्हाइकाने मोजली. एकदा मोडलेली व्यवस्था परत उभारायला काय पडतं याचा अंदाज त्यावरून येतो. म्हणून हा खर्च विक्रीच्या वेळी सौद्याच्या किमतीत धरला जावा असं मला वाटतं. नावावर जबाबदाऱ्या असतील तर नाव थोडं स्वस्त मिळेल. तीन वर्षांत घेऊन विकणाऱ्याला ते परवडणार नाही, तीस वर्षं बसणाऱ्याला परवडेल. गाळणी म्हणून हे वाईट नाही.

कानसेन मंडळींनाही एक बोल लावायला हवा. आपण केबलच्या जाडीवर रात्र रात्र वाद घालतो, पण स्पीकर घेताना विक्रेत्याला 'याचा वूफर पंधरा वर्षांनी मिळेल का' असं विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. कंपनीची मालकी कुणाची, दुरुस्ती कुठे होते, आकृती मिळते का, हे प्रश्न परीक्षणांत क्वचितच येतात. आवाजाच्या मोकळेपणावर तीन पानं आणि सेवेवर अर्धी ओळ. ज्या गोष्टीसाठी गिऱ्हाईक पैसे मोजत नाही ती गोष्ट नवा मालक हिशेबातून आधी कापतो, त्यात नवल ते काय?

माझ्या ॲम्पचं पुढे काय झालं, तर काकांना भंगारात गेलेल्या एका दुसऱ्या ॲम्पमध्ये त्याच नंबरचे चार ट्रान्झिस्टर सापडले. चारही मीटरवर तपासून त्यातल्या त्यात जवळची जोडी त्यांनी निवडली, अभ्रकाचे नवे तुकडे कापले, पांढरं मलम लावून पक्की बसवली. मात्र बायस, म्हणजे गाणं वाजत नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहू द्यायचा प्रवाह, किती ठेवायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हा चालू असलेल्या उजव्या चॅनलवरून मोजत मोजत त्यांनी त्या बोर्डाची अख्खी आकृती वहीच्या दोन पानांवर पेन्सिलीने काढली. दोन रोधांच्या (रेझिस्टरांच्या) मूल्यांपुढे प्रश्नचिन्हं आहेत, कारण त्यांच्यावरचे रंगाचे पट्टे जळून काळे पडले होते. ॲम्प आता दोन्ही बाजूंनी वाजतो. त्या दोन पानांचे फोटो काढून मी कंपनीला पाठवले आणि विचारलं, एवढी दोन प्रश्नचिन्हं तेवढी पुसता का? सात आठवडे झाले.